रेघेचे टोक पकडताना

मित्रहो, कॅडमधल्या, म्हणजे संगणकावर नकाशे काढण्याच्या प्रणालीतल्या, ज्या सोयी मला वर्षानुवर्षे उपयोगी पडल्या, त्यांतल्या मोजक्याच सोयींबद्दल मी आज बोलणार आहे. पडद्यावर उभी राहणारी झगझगीत त्रिमिती चित्रे त्यांत नाहीत. ती घरमालकाला आवडतात, पण नकाशा अचूक करण्यात त्यांची मदत होत नाही.

माझी सर्वांत लाडकी सोय म्हणजे ऑब्जेक्ट स्नॅप. रेघेचे टोक, तिचा मध्य किंवा दोन रेघांचा छेद कर्सरने नेमका पकडण्याची ही सोय आज इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्याकडे कुणी कौतुकाने पाहत नाही. तिचे मोल मला कळले ते गोव्यातली जुनी घरे मोजताना. चिऱ्याच्या जाड भिंती, मधोमध राजांगण म्हणजे मोकळा चौक, भोवती ओसरी आणि खोल्या अशा घरात अनेकदा एकही कोपरा काटकोनात नसतो. अशा वेळी आम्ही खोलीच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण फितीने मोजतो. एक भिंत आधी काढायची, तिच्या एका टोकाभोवती बाजूच्या लांबीचे आणि दुसऱ्या टोकाभोवती कर्णाच्या लांबीचे वर्तुळ काढायचे. ती जिथे छेदतात, तिथे तिसरा कोपरा. कंपासनेही हेच करत असू, पण एकास पन्नास प्रमाणाच्या कागदावर पेन्सिलची अर्ध्या मिलिमीटरची रेघ प्रत्यक्षात २५ मिलिमीटर जागा व्यापते. त्यामुळे चूक फितीची की पेन्सिलीची, हे सांगता येत नसे. छेदबिंदू नेमका पकडता येऊ लागला आणि दुसरा कर्ण जुळेना, तेव्हा मोजणीतच चूक आहे हे कळू लागले. मग मुकाट्याने फीत घेऊन परत त्या घरी जायचे. म्हणूनच रेघा बळेच आडव्या-उभ्या करणारा ऑर्थो जुन्या घराच्या नकाशात बंद ठेवा, असे मी नवशिक्यांना आग्रहाने सांगतो. भिंत तिरकी असेल, तर ती तिरकीच दिसली पाहिजे.

दुसरी सोय बंधनांची, म्हणजे कन्स्ट्रेंट्सची. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सादर केलेल्या स्केचपॅड या आरेखनाच्या प्रणालीत ती होती. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघा काढून, या दोन समांतर राहाव्यात किंवा त्या दोन काटकोनात असाव्यात, असे यंत्राला सांगता येत होते. १९८२ मध्ये आलेल्या ऑटोकॅड या कॅड प्रणालीत मात्र अशी भौमितिक बंधने २०१० च्या आवृत्तीत आली. यंत्रांच्या आरेखनात प्रो-इंजिनियर या प्रणालीने परिमाणांवर चालणारी रचना १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातच रुळवली होती. आम्ही घरे काढणारे मागे राहिलो. कौलारू छपराचा उतार आणि खोलीची रुंदी ठरली, की आढ्याची उंची ठरतेच. हे नाते सुताराला तोंडपाठ असते. आरेखनात ते एकदा बांधून ठेवले, की रुंदी बदलताच आढे आपोआप वरखाली होते आणि जुनी उंची चुकून नकाशात राहून जात नाही.

पेपर स्पेस, म्हणजे छपाईचे पान मांडण्याची वेगळी जागा, हिच्यामुळे एकच आरेखन एका पानावर वेगवेगळ्या प्रमाणांत मांडता आले, हेही सुखाचेच. पण लेयरबद्दल, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या थरांबद्दल, थोडे अधिक सांगायला हवे. मोजणीची वर्तुळे काम झाल्यावर पुसण्याची सवय पुष्कळांना असते. मी ती वेगळ्या लेयरवर ठेवतो आणि त्या लेयरची छपाई बंद करतो. पुढे त्या घराच्या दुरुस्तीसाठी कुणी फाइल उघडली, तर प्रत्येक कोपरा कोणत्या दोन मापांवरून आला, हे त्याला दिसते आणि शंका आलीच, तर तेवढीच दोन मापे तो पुन्हा घेऊ शकतो.