सीपी कमांड: आधी मुक्काम बघा

टर्मिनलच्या काळ्या खिडकीची भीती इथल्या बहुतेकांची गेलेली आहे, असं धरून चालतो. फाइलींची कॉपी करणारी सीपी ही कमांड युनिक्सच्या १९७१च्या पहिल्या मॅन्युअलमध्येसुद्धा सापडते. आधी सोर्स, मग डेस्टिनेशन, एवढं सगळ्यांना येतं. आपलं लक्ष मात्र असतं सोर्सवर. सीपी नेमकं काय करणार हे बरंचसं ठरतं ते डेस्टिनेशनला आधीपासून काय पडलंय त्यावरून.

पडद्यावर बघा. इथे ‘फोटो’ नावाची डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, आहे. मी लिहितो: सीपी, हायफन आर, फोटो, बॅकअप. हायफन आर दिला नाही, तर सीपी डिरेक्टरी वगळल्याचं सांगते आणि मोकळी होते. ‘बॅकअप’ नावाचं अजून काहीच नाही, म्हणून सीपीने ते तयार केलं आणि फोटोतल्या फाइली थेट त्यात ठेवल्या. आता वरचा बाण दाबतो, तीच कमांड पुन्हा. एका अक्षराचा फरक नाही. आत काय आहे ते एलएस करून बघा: बॅकअपच्या आत आणखी एक ‘फोटो’! या खेपेला बॅकअप आधीच हजर होतं, आणि डिरेक्टरी हजर असली की सीपी सोर्सला नावासकट तिच्या आत नेऊन ठेवते. एरर नाही, काही नाही. हीच ओळ क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सोयीत, रोज रात्री चालवली तर बाहेरच्या फाइली पहिल्या रात्रीच्या, शिळ्या राहतात आणि ताज्या सगळ्या आतल्या ‘फोटो’त जाऊन पडतात. बॅकअप उघडणारा माणूस बघतो बाहेरच्याच.

लिनक्सवरच्या ग्नू सीपीत यावर हायफन कॅपिटल टी आहे: डेस्टिनेशन म्हणजे तेच नाव, त्याच्या आत शिरू नकोस. नाहीतर सोर्स ‘फोटो’, स्लॅश, टिंब असा लिहा. मग आतला माल तेवढा जातो, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलींसकट. टिंबाच्या जागी स्टार लिहिलात तर या लपलेल्या फाइली राहून जातात. त्यात सीपीचा दोष नाही बरं का. स्टार उलगडतो तो शेल, म्हणजे तुमची ओळ आधी वाचणारा प्रोग्रॅम, सीपीला तो दिसतही नाही.

डेस्टिनेशनला त्याच नावाची फाइल असेल तर सीपी न विचारता वर लिहून टाकते. इथे रिसायकल बिन वगैरे लाड नाहीत. हायफन आय दिलात तर विचारते. पण मला जास्त खटकते ती दुसरी गोष्ट. साधी सीपी जुनी फाइल काढून नवी ठेवत नाही, जुनीच रिकामी करून तिच्यात लिहिते. म्हणून मालक आणि परवानग्या राहतात त्या जुन्या फाइलीच्या. समजा, पासवर्डची फाइल ६०० आहे, म्हणजे मालकाशिवाय कोणी वाचू नये. ती तुम्ही ६४४ असलेल्या, म्हणजे कोणीही वाचू शकेल अशा फाइलीवर कॉपी केलीत. आतला मजकूर नवा, दार मात्र जुनंच, सताड उघडं.

परवानग्या, तारखा, सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या) जशाच्या तशा हव्या असतील तर हायफन आर सोडा, हायफन ए वापरा. साध्या हायफन आरने तारीख आजची पडते. याचा त्रास पुढे आरसिंक, म्हणजे बदललेल्या फाइली तेवढ्या कॉपी करणारा प्रोग्रॅम, चालवताना होतो. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आणलेलं हे आरसिंक एरवी फाइलीचा आकार आणि तारीख एवढंच ताडून बघतं. तारखा बदलल्या की त्याला सगळ्याच फाइली बदललेल्या वाटतात. शिवाय आरसिंकमध्ये सोर्सच्या शेवटी स्लॅश असेल तर फक्त आतला माल जातो, नसेल तर डिरेक्टरीसकट. मॅकवरची सीपीही स्लॅशचा असाच अर्थ लावते, लिनक्सवरची लावत नाही. तेव्हा दुसऱ्याच्या मशीनवरून उचललेली ओळ आधी ‘चाचणी’ नावाच्या डिरेक्टरीवर चालवून बघा. आरसिंक असेल तर हायफन एन आणि हायफन व्ही लावा, काय करणार ते नुसतं सांगेल.

आता पेनड्राइव्ह. प्रॉम्प्ट परत आला तरी डेटा कधीकधी अजून रॅममध्येच असतो, म्हणून तो खाली उतरवणारी सिंक ही कमांड लिहा, मग अनमाउंट करा, मगच उपटा. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीची अख्खी फाइल त्यावर मावत नाही, आणि मालक-परवानग्या ठेवायला तिथे जागाच नसल्यामुळे हायफन एही काही करू शकत नाही. अशा वेळी आधी टार करा, म्हणजे सगळ्या फाइलींचं एकच गाठोडं बांधा, आणि ती एकच फाइल न्या. मोठी झाली तर स्प्लिटने तुकडे करा.