सोयाबीनच्या मुळावरचा हिशेब

फुलोऱ्यात आलेलं हे सोयाबीन. रोप मातीसकट अलगद काढून मुळं पाण्यात धुतली, की या गाठी दिसतात. नखानं एक फोडा. आत गुलाबी-लाल असेल, तर गाठ कामावर आहे.

हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नातलगाचा. गाठीत राहणारे ब्रॅडीरायझोबियम जिवाणू हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करतात, पण ते घडवून आणणारं नायट्रोजनेज हे विकर ऑक्सिजननं निकामी होतं. जिवाणूंच्या श्वसनाला तर ऑक्सिजन हवाच. लेगहिमोग्लोबिन तो धरून ठेवतं आणि बेताबेतानं पोचवतं.

इंधन झाडाचं. पानांतली साखर मुळापर्यंत उतरते, पण जिवाणूला ती तशीच मिळत नाही. गाठीतल्या पेशी तिचं मॅलेट हे आम्ल बनवून पुरवतात. ब्रॅडीरायझोबियम ज्यात मोडतात, त्या रायझोबियम गटाला आवडही त्याचीच. आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू ग्लुकोज असेपर्यंत दुसऱ्या अन्नाकडे फारसा वळत नाही. हे जिवाणू मात्र मॅलेट किंवा त्याच्यासारखंच सक्सिनेट मिळत असताना साखर पचवणारी जनुकं दाबून ठेवतात.

नायट्रोजनच्या एका रेणूमागे पेशीला ऊर्जा पुरवणारे किमान १६ एटीपी रेणू खर्ची पडतात. त्यामुळे हे खत फुकटचं आहे, हे म्हणणं मला पटत नाही. वाढीला लागली असती ती साखर मोजून झाड ते विकत घेतं. म्हणूनच जमिनीत नायट्रेट, म्हणजे मुळांना थेट घेता येणारा नायट्रोजन, भरपूर असलं, तर झाड नव्या गाठी कमी धरतं आणि जुन्यांची रसदही आखडती घेतं. बियाण्याला रायझोबियम चोळायचं आणि वर युरियाचा हात सैल सोडायचा, यात आपलेच पैसे वाया जातात.

पण एखाद्या गाठीतल्या जिवाणूंनी मॅलेट खाल्लं आणि नायट्रोजन दिलाच नाही तर? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या टोबी कीर्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हेच तपासलं. सोयाबीनच्या काही गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून त्यांनी तिथे आरगॉन हा निष्क्रिय वायू भरला. ऑक्सिजन होता तेवढाच ठेवला. जिवाणू तेच, फक्त त्यांना काम करणं अशक्य. त्या गाठींत जिवाणूंची वाढ जवळपास निम्म्यावर आली. झाडानं त्यांचा ऑक्सिजनपुरवठा आवळल्याच्या खुणाही मोजमापांत मिळाल्या. सोयाबीनच्या गाठी हंगामाअखेर कुजतात आणि आतले जिवाणू जमिनीत परततात. त्या परतणाऱ्यांत नायट्रोजन देणाऱ्यांचा भरणा जास्त राहतो, तो झाडाच्या या हिशेबामुळे.