स्कंक, हेझ आणि नगरचा गांजा

नमस्कार मंडळी. विषय वाचून आज तरुण मंडळी जरा जास्तच आलेली दिसतायत, मागच्या रांगेत तर उभं राहायलाही जागा नाही. (हशा) या, या, पुढे खाली सतरंजीवर बसा. आधी कायद्याचं बोलून घेतो. 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आहे, गांजाची लागवड, विक्री, जवळ बाळगणं हा गुन्हा आहे आणि मी इथे लागवड शिकवायला उभा नाहीये. मी आयुष्यभर वनस्पतीशास्त्र शिकवलं, पिकांच्या जाती कुठून आल्या, कुणी निवडल्या, कुणाच्या नावावर गेल्या हा माझा जिव्हाळ्याचा विषय, आणि या एका पिकाचा इतिहास कुणी नीट सांगतच नाही, म्हणजे सांगतात ते फक्त 1970 नंतरचा सांगतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. स्कंक, हेझ, नॉर्दर्न लाइट्स, व्हाइट विडो, या ज्या गांजाच्या जगभर गाजलेल्या जाती, त्यांचे जनक म्हणून कॅलिफोर्निया आणि हॉलंडमधल्या चार-पाच माणसांची नावं घेतली जातात. ती माणसं हुशार होती, त्यात वाद नाही. पण त्यांच्या हातात जे बियाणं आलं ते काही रानातून उपटून आणलेलं नव्हतं, ते अफगाणिस्तानातल्या, केरळातल्या, मेक्सिकोतल्या, थायलंडमधल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या निवडून निवडून घडवलेलं होतं, आणि त्या शेतकऱ्यांपैकी एकाचंही नाव कुठल्या पाकिटावर नाही. मला याचा राग आहे. नाशिककरांना हा राग समजावून सांगायला लागू नये, कारण तुम्ही द्राक्षवाले आहात.

आता द्राक्षाचंच घ्या ना. थॉमसन सीडलेस हे नाव निफाड-दिंडोरीतल्या शाळकरी पोरालाही माहिती आहे. कोण हा थॉमसन? विल्यम थॉमसन, कॅलिफोर्नियातला युबा सिटीजवळचा शेतकरी, त्याने 1870 च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या एका नर्सरीकडून काड्या मागवल्या, त्यातली एक जगली आणि तिला घड लागले. झालं. ती वेल म्हणजे इराण, अफगाणिस्तान, तुर्कस्तानच्या पट्ट्यात शेकडो वर्षं पिकणारी किसमिस, सुलताना. बिनबियांचं द्राक्ष पहिल्यांदा ओळखून, त्याची काडी जपून, शेजाऱ्याला देऊन ज्यांनी ते टिकवलं त्यांची नावं गेली आणि काडी मागवणाऱ्याचं नाव राहिलं.

उलट आपल्याकडे काय झालं बघा. त्याच थॉमसन जातीच्या बागेत सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात बोरगावला आरवे नावाच्या शेतकऱ्यांना एक वेल वेगळी दिसली, त्यातून तास-ए-गणेश ही जात आली, नावातच तासगाव आहे. सोलापूरजवळ नान्नजला नानासाहेब काळ्यांनी अशीच वेल हेरली, तिची सोनाका झाली, आणि किसमिस चोर्नीमधून शरद सीडलेस काढली. कुठली लॅब नाही, शेतात रोज फिरणारी नजर. पण या लोकांची नावं आज घेता येतात, कारण आपण ती लिहून ठेवली.

नजरेवरून आमच्या मामांची गोष्ट सांगतो. त्यांची बाग पिंपळगाव बसवंतच्या बाजूला. सोनाकाचा जोर होता तेव्हाचं सांगतोय, लांब मणी, व्यापारी रेट देत होते, मामांनी ठरवलं जुनी बाग काढायची आणि सोनाका करायची. एका नर्सरीत गेले, नाव सांगत नाही, आता ती बंदही झाली, तिथून कलम करायला काड्या घेतल्या, पावतीवर स्वच्छ अक्षरात सोनाका. मग डॉगरिज या खुंटावर कलम, मांडव, तार, ठिबक, कर्ज, हे सगळं तुम्हाला माहितीच आहे, द्राक्षबाग म्हणजे पहिला घड दिसायच्या आधीच माणूस अर्धा होतो. पहिली फळछाटणी ऑक्टोबरात घेतली, घड बाहेर आले, मणी सेट झाला, आणि मामी एक दिवस म्हणाल्या, अहो या चार ओळींचा मणी लांबत नाहीये. मामा म्हणाले लांबेल, जीएचं, मणी वाढवणाऱ्या संजीवकाचं, पाणी दिलंय. नाही लांबला. चार ओळींत गोलसर मणी, पलीकडे लांब, मधल्या एका ओळीत तर एक वेल अशी आणि तिच्या शेजारची तशी. व्यापारी आला, त्याने एक घड तोडला, तळहातावर घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाला, काका, हा सगळा सोनाका नाही. रेट तिथेच पडला. अख्ख्या बागेचा पडला, चार ओळींचा नाही.

मामा पावती घेऊन नर्सरीत गेले. नर्सरीवाला म्हणाला तुमच्या पाण्याचा दोष आहे. मग म्हणाला जीएचा डोस चुकला. मग म्हणाला, आम्हीही काड्या दुसऱ्याकडूनच आणतो. तीन कारणं दिली आणि एक रुपया दिला नाही. मामांनी ती पावती शेवटपर्यंत जपली, सातबाराच्या पिशवीत ठेवलेली असायची, कुणी बागेबद्दल विचारलं की काढून दाखवायचे. मी त्या वेळी नुकता शिकवायला लागलो होतो, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की जातीचं नाव म्हणजे पैसा, ज्याला ते नाव कागदावर लिहिता येतं तो पैसे घेतो, आणि शेतात राबणाऱ्याच्या हातात काय पडलं ते त्याला दोन वर्षांनी कळतं. हे द्राक्षात होतं, तर ज्या पिकाचा सगळा धंदाच चोरीछुपे चालला, त्यात काय झालं असेल विचार करा.

आता गांजाकडे येतो. ही झाडं नर वेगळी, मादी वेगळी. परागकण वाऱ्यावर जातात, लांबवर जातात. मादीला पराग मिळाला की ती बिया धरते, नाही मिळाला तर फुलोरा वाढवत राहते, चिकट राळ वाढवत राहते, आणि व्यापाऱ्याला हवा असतो तो हा बिनबियांचा फुलोरा. म्हणजे वावरात एक जरी नर राहिला तरी माल बियांचा होऊन भाव पडतो, आणि म्हणून नर फुलायच्या आधी ओळखून उपटायचा. अमेरिकेत 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या डोंगरात हे तंत्र रुळलं तेव्हा त्याचं केवढं कौतुक झालं, सिन्सेमिया, म्हणजे बिनबियांचं, असं मेक्सिकोकडचं नाव घेऊन.

पण 1893 साली ब्रिटिश सरकारने इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन नेमलं, त्या कमिशनने 1193 साक्षीदार तपासले आणि 1894 चा अहवाल सात खंडांचा आहे. त्यात बंगालमध्ये राजशाहीकडच्या नौगावची लागवड आहे, मध्य प्रांतात खांडव्याची आहे, आणि मुंबई इलाख्यात कुठली? नगरची. आपल्या शेजारचं नगर, आताचं अहिल्यानगर. परवान्यावर, सरकारी देखरेखीखाली, खळ्यावर माल पसरून पायांनी तुडवून चपटा करायचे. आणि नर उपटायचं काम इतकं कसबाचं होतं की नौगावला त्यासाठी वेगळा माणूस बोलावत, पोद्दार म्हणत त्याला, पारखदारही म्हणत. तो ओळीओळीने चालायचा. झाड गुडघ्याला लागेपर्यंत दोन्ही सारखीच दिसतात, मग पेरापाशी बारीक खूण फुटते, मादीला दोन पांढरे केस, नराला देठावर गोल गाठ, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. केस दिसला की पुढे, गाठ दिसली की मुळासकट उपटून बाहेर. कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमधल्या डेव्हिड प्रेनने 1893 मध्ये यावर अख्खा रिपोर्ट लिहिलाय. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या ऐंशी वर्षं आधी हे सगळं छापून झालेलं होतं. आणि एक लक्षात घ्या, दर वर्षी नको ते झाड काढायचं आणि चांगल्या झाडाचं बी पुढच्या वर्षाला ठेवायचं, यालाच ब्रीडिंग म्हणतात, वेगळं काही नसतं. परवाना सरकारच्या नावाने नोंदला गेला, महसूल नोंदला गेला, पारख्याचं नाव मात्र कुणी टिपलं नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मग ज्यासाठी तुम्ही आलात ते भरभर सांगतो, नोट्स घेणाऱ्यांनी माफ करा.

आपल्याकडचं झाड उंच, पान बारीक आणि फुलायला वेळ लावणारं, दिवस लहान व्हायला लागले की हळूहळू फुलोऱ्यावर येतं, केरळातलं तर तीन-तीन महिने घेतं. तिथे थंडीची घाई नाही ना. अफगाणिस्तानातलं, हिंदुकुशातलं झाड बुटकं, पान रुंद, आणि सात-आठ आठवड्यांत आटपतं कारण पुढे हिवाळा उभा असतो. हॉलंड 52 अक्षांशावर, नाशिक 20 वर. केरळचं बी तिथे उघड्यावर लावलं तर फुलोरा भरायच्या आत पाऊस आणि थंडी. म्हणून युरोप-अमेरिकेत घरात किंवा कमी दिवसांत पीक घ्यायचं तर अफगाण रक्त लागणारच होतं. सगळ्या क्लासिक जातींच्या मुळाशी हे एवढंच गणित आहे, उष्ण पट्ट्यातल्या झाडाचा गुण आणि अफगाण झाडाची घाई.

आणि आणखी एक, हे मला सांगायलाच पाहिजे. लिनियसने 1753 मध्ये सॅटायव्हा नाव दिलं ते युरोपातल्या हेंपला, म्हणजे धाग्यासाठी लावायच्या त्यांच्याकडच्या झाडाला. लामार्कने 1785 मध्ये इंडिका दिलं ते भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून. आज बाजारात इंडिका म्हणतात अफगाण झाडाला, आणि भारतातल्या झाडाला सॅटायव्हा म्हणून विकतात. असो, वेळ नाही.

बी बाहेर कसं गेलं? साठच्या दशकात युरोपातून काबूल, पेशावरमार्गे दिल्ली, गोव्यापर्यंत हिप्पी यायचे, जाताना खिशातून बी न्यायचे, बस. हेझ ही कॅलिफोर्नियात सांता क्रुझकडे साठ-सत्तरच्या काळात जमली, मेक्सिको, कोलंबिया, थायलंड आणि दक्षिण भारत, असे तिचे आईबाप सांगितले जातात. स्कंक नंबर वन ही त्याच भागातली, अफगाण, मेक्सिकोतली अकापुल्को गोल्ड आणि कोलंबियाची गोल्ड, आणि पिढ्यान्पिढ्या निवड करून ती एकसारखी केली, म्हणजे बी पेरलं की झाडं सारखी येतात, हे त्या लोकांचं खरं काम, ते मी मानतो. सॅम द स्कंकमॅन या नावाने ओळखला जाणारा माणूस ते बी ऐंशीच्या दशकात हॉलंडला घेऊन गेला. तिथे नेव्हिल शोनमेकर्स या ऑस्ट्रेलियनने सीड बँक काढली, कॅटलॉग छापून टपालाने बी विकलं, अमेरिकेच्या वायव्येकडची अफगाण वळणाची नॉर्दर्न लाइट्स हेझशी जुळवली. 1989 मध्ये अमेरिकेने ऑपरेशन ग्रीन मर्चंटमध्ये हा धंदा मोडायला घेतला, 1990 मध्ये नेव्हिल ऑस्ट्रेलियात पर्थला पकडला गेला. व्हाइट विडो 1995 ला ॲमस्टरडॅममध्ये कॅनाबिस कप, म्हणजे गांजाच्या जातींची स्पर्धा, जिंकली, तिची आई ब्राझीलची आणि बाप दक्षिण भारतातला, केरळच्या डोंगरातला, असं सांगतात, आणि ती कुणी बनवली यावर दोन माणसं अजून भांडतायत. त्या भांडणात केरळातल्या माणसाला कुणी पक्षकार पण केलेलं नाही.

आणि नावांची किंमत किती? 2015 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी जनुकं तपासली. जमैकाची शंभर टक्के सॅटायव्हा म्हणून नाव असलेला एक नमुना अफगाणिस्तानच्या इंडिका म्हटलेल्या नमुन्याशी जवळजवळ तंतोतंत जुळला. आमच्या मामांची पावती आठवा.

शेवटचं, दोन मिनिटंच. या सगळ्या संकरांचे पराग वाऱ्यावर आणि बी लोकांच्या खिशातून पुन्हा हिमालयात आणि अफगाणिस्तानात पोचलं, आणि मूळ देशी जाती त्यात मिसळून संपत चालल्यात. मॅकपार्टलंड आणि स्मॉल या दोघा वनस्पतीशास्त्रज्ञांनी 2020 मध्ये हेच मांडलं, या जातींना धोक्यातल्या म्हणून नोंदवा आणि बी जपा म्हणाले. आपल्याकडे 2001 चा पीक वाण आणि शेतकरी हक्क कायदा आहे, शेतकऱ्याने जपलेला वाण त्याच्या नावावर नोंदवता येतो, भाताचे कितीतरी नोंदवले गेलेत. नगरच्या गांजाचं बी आता कुणाकडे मागायचं, आणि नोंदवायचं तर कुणाच्या नावावर? निदान कागद तरी जमवू. तुमच्यापैकी कुणाची माणसं नगरकडची असतील, आजोबा-पणजोबांच्या वेळचे लागवडीचे परवाने, अबकारीच्या पावत्या, खळ्याचे हिशेब, मोडीत असले तरी चालतील, असं काही माळ्यावरच्या पेटीत असेल तर फेकू नका, मला फोटो दाखवा. मोडी वाचणारी मंडळी या हॉलमध्येच बसलेली आहेत, त्यातल्या तिघांना मी आधीच कामाला लावलंय. चला, प्रश्न असतील तर बाहेर चहाला घेऊ, हॉल साडेआठला रिकामा करून द्यायचाय.