डबीतली चिप: बाहेरची हार्ड डिस्क मध्येच का सुटते

(दृश्य: कोल्हापुरातल्या राजारामपुरीतली गल्ली, पाऊस. अर्धं शटर वर. टेबलावर एक काळी डबी.)

राजारामपुरीतलं हे दुरुस्तीचं टेबल. समोर लग्नाच्या शूटिंगची, २ टेराबाइटची डिस्क. तक्रार नेहमीची: "विंडोजवर चालत होती की! लिनक्स घातलं आणि बिघडली." कॉपी सुरू होते, ४०-५० जीबी नीट जातात, मग पडद्यावरची कॉपीची पट्टी अडकते आणि फोल्डरच नाहीसं होतं.

(दृश्य: प्लास्टिकची पातळ पट्टी कव्हरच्या फटीतून फिरते. कट्. झाकण सुटतं.)

या कव्हरला स्क्रू नाहीत, नुसत्या खाचा आहेत. एका कोपऱ्यापासून हळूहळू सोडवत जायचं. आत साधी साटा डिस्क, आणि तिच्या टोकाला बोटभर रुंदीची हिरवी पट्टी. हा ब्रिज. डिस्कला साटा कळतं, कॉम्प्युटर यूएसबीतून बोलतो. दोघांमधली देवाणघेवाण या पट्टीवरची एक चिप करते. बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये वेगळी पट्टी नसतेच, यूएसबीचं पोर्ट डिस्कच्याच बोर्डावर असतं. तिथे डबी उघडून हाती काही लागत नाही.

(दृश्य: काळा पडदा, पांढरी अक्षरं खाली सरकताहेत.)

कमांड आहे 'सुडो डीमेसेज डॅश डब्ल्यू'. ही खिडकी उघडी ठेवून कॉपी पुन्हा सुरू करायची. इथे बघा. आधी 'यूएएस ईएच अबॉर्ट हँडलर', मग 'रीसेट सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस'. काय घडलं ते कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, स्वतःच लिहून ठेवलंय. लिनक्ससारख्या खुल्या सिस्टिमवर हे कुणालाही वाचता येतं, आणि म्हणूनच दोष तिच्या माथी मारण्याआधी या चार ओळी वाचायला हव्यात.

यूएसबी स्टोरेजची जुनी पद्धत एका वेळी एकच काम सांगते: ते झालं की पुढचं. यूएएस ही नवी पद्धत कामांची रांग लावते. काही ब्रिज चिप 'मला यूएएस येतं' म्हणतात, पण रांग वाढली की गप्प होतात. कर्नल ३० सेकंद वाट बघतो, मग काम रद्द करतो, मग डिस्क रीसेट करतो. त्यातून परत आली तर ठीक. नाहीतर 'एसडीबी' या नावानं गेलेली डिस्क 'एसडीसी' होऊन उगवते, आणि चालू कॉपी तुटते. अर्धवट लिहिलेल्या फाइली जातात.

(दृश्य: 'एलएसयूएसबी'च्या यादीतल्या एका ओळीवर बोट.)

'एलएसयूएसबी' लिहिल्यावर प्रत्येक वस्तूचा आयडी दिसतो. या डबीचा आहे १५२डी:०५७८. तुमच्या डबीचा वेगळा असेल, तोच घ्यायचा. ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम; त्याच्या फाइलमध्ये कर्नलच्या ओळीत जोडायचं: 'यूएसबी-स्टोरेज डॉट क्वर्क्स', बरोबरचं चिन्ह, आयडी, कोलन, आणि छोटा 'यू'. या 'यू'चा अर्थ, या डबीपुरतं यूएएस बंद. डेबियन-उबंटूवर 'अपडेट-ग्रब', मग रीस्टार्ट. 'एलएसयूएसबी डॅश टी'मध्ये आता 'यूएएस'च्या जागी 'यूएसबी-स्टोरेज' दिसतं. फिरत्या डिस्कला यानं वेगात फारसा फरक पडत नाही; खरा तोटा न फिरणाऱ्या, चिपवाल्या एसएसडीला. अशा फसव्या चिपांची यादी कर्नलच्या सोर्समध्येच आहे, आणि नवी नोंद कुणीही सुचवू शकतो.

(दृश्य: पुढच्या पोर्टमधली लांब केबल निघते, मागच्या पोर्टमध्ये आखूड केबल बसते.)

अबॉर्टची ओळ नसताना थेट 'यूएसबी डिस्कनेक्ट' आलं, तर आधी केबल आणि वीज तपासायची. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. फिरायला सुरुवात करताना छोटी डिस्कही १ अँपिअरच्या आसपास ओढते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची आतली वायर लांब आणि बारीक असते, म्हणून मागचं पोर्ट, आखूड केबल; तरीही सुटली तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब.

डिस्क खरंच खराब आहे का, हे डिस्कची तब्येत सांगणाऱ्या 'स्मार्टसीटीएल डॅश डी सॅट' या कमांडनं कळतं. १९७ नंबरची ओळ वाचता न आलेल्या जागा मोजते; तिच्यातला शेवटचा आकडा शून्याच्या वर असेल तर दुरुस्ती सोडा, आधी डेटा काढा. १९९ ची ओळ केबलच्या चुका मोजते, पण ब्रिज ते डिस्क एवढ्याच. यूएसबी केबलच्या चुका तिथे दिसत नाहीत.

(दृश्य: पडद्यावर 'डर्टी' हा शब्द, पुढचा आकडा उतरतोय.)

कॉपी 'पूर्ण' दिसते, पण डेटा अजून रॅममध्ये आहे. लिनक्सच्या मेमरीच्या हिशेबात 'डर्टी'समोरचा आकडा म्हणजे डिस्कवर लिहायचा राहिलेला माल. ८ लाख केबी. ५ लाख. आता केबल ओढली तर एवढं सगळं जाईल. 'सिंक' ही कमांड द्यायची, पुढची कमांड लिहायची जागा (प्रॉम्प्ट) परत येईपर्यंत थांबायचं. मग अनमाउंट, म्हणजे डिस्क सिस्टिमपासून सोडवणं, आणि 'यूडिस्कसीटीएल पॉवर-ऑफ'.

(दृश्य: निळा दिवा विझतो. डिस्कची घरघर उतरत थांबते. मग हात केबलकडे जातो.)