एकेक गाय, एकेक एकर : बायरन नेल्सनचा १९४५ चा हंगाम

गोल्फमध्ये जगातला सर्वांत चांगला खेळाडूसुद्धा बहुतेक आठवडे हरत असतो. मुद्दाम इथून सुरुवात करतोय, कारण समोर बसलेली बरीचशी मंडळी क्रिकेटवाली आहेत आणि क्रिकेटमध्ये सामना अनिर्णित राहिला नाही तर दोघांतला एक जिंकायचाच. गोल्फच्या टूरवर दर आठवड्याला शंभर-दीडशे जण मैदानात उतरतात, चार दिवस खेळतात आणि रविवारी संध्याकाळी करंडक एकाच्याच हातात असतो. बाकीचे गाडीत सामान टाकतात आणि पुढच्या गावाला लागतात. वर्षात दोन स्पर्धा जिंकल्या तर त्या खेळाडूचं वर्ष सोन्याचं झालं. टायगर वुड्सने २००० साली २० स्पर्धा खेळून ९ जिंकल्या, तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटं घातली.

१९४५ साली टेक्सासच्या बायरन नेल्सनने १८ जिंकल्या. त्यांतल्या ११ ओळीने. ७ वेळा तो दुसरा आला. ज्या स्पर्धा तो खेळला त्यांतल्या निम्म्याहून जास्त त्याच्याच. ओळीने जिंकायच्या बाबतीत त्याच्या जवळ आला तो वुड्सच, २००६-०७ मध्ये, आणि तोही सातावर थांबला. आज मी या एका हंगामाबद्दल बोलणार आहे, आणि खरं सांगायचं तर गोल्फपेक्षा जमिनीबद्दल जास्त बोलणार आहे.

नेल्सन १९१२ चा. टेक्सासमधलं शेतकरी कुटुंब. लहानपणी विषमज्वरातून वाचलेलं पोर. फोर्ट वर्थ गावात ग्लेन गार्डन नावाचा क्लब होता, तिथे तो कॅडी म्हणून जायला लागला, म्हणजे दुसऱ्यांच्या पिशव्या खांद्यावर घेऊन १८ होल, म्हणजे अख्खी एक फेरी, चालायचं. त्याच क्लबात त्याच्याच वयाचा आणखी एक पोरगा पिशव्या वाहायचा. त्याचं नाव बेन होगन. १९२७ साली कॅडी पोरांची स्पर्धा झाली, दोघांची बरोबरी झाली आणि जादा खेळात नेल्सनने होगनला हरवलं. एकाच वर्षी जन्मलेले, एकाच क्लबातले दोन कॅडी, आणि दोघेही जगातल्या पहिल्या दोन-चारांत. आपल्याकडे शिवाजी पार्कवर असं घडलं असतं तर शंभर वर्षं तेच सांगत बसलो असतो.

आता १९४५. युद्ध चालू आहे. १९४३ मध्ये टूर जवळपास बंदच पडली होती. रबर सगळं लष्कराला, त्यामुळे १९४२ पासून गोल्फचे नवे चेंडू बनवणंच थांबलेलं. जुन्या चेंडूंवर नवी साल चढवून खेळायचं. पेट्रोल रेशनवर, टायर मिळायची मारामार, आणि ही मंडळी मोटारीने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फिरणारी. बक्षीस रोख मिळत नसे, युद्धकर्जाचे बाँड मिळत. त्यांचा हिशेब असा, की ७५ डॉलर भरले की दहा वर्षांनी १०० मिळणार. त्यामुळे वर्तमानपत्रात बक्षीस १३,६०० डॉलर छापून आलं, तरी त्या दिवशी हातात पडलेल्या कागदाची किंमत १०,२००. नेल्सनची त्या वर्षाची कमाई ६३,३३५ डॉलर सांगतात, तीसुद्धा बाँडच्या दर्शनी किमतीतली.

नेल्सन लष्करात का नव्हता? त्याचं रक्त लवकर गोठत नसे, म्हणून भरतीत नापास. त्याचा जोडीदार हॅरॉल्ड ‘जग’ मॅकस्पेडन, तोही तब्येतीमुळे बाहेर. दोघं गावोगाव रेड क्रॉससाठी, जखमी सैनिकांसाठी प्रदर्शनी सामने खेळत हिंडायचे.

आणि इथेच तो जुना आक्षेप येतो. चांगले खेळाडू सगळे युद्धावर, हा एकटा मोकळ्या रानात, मग ११ काय आणि १८ काय! हा आक्षेप पूर्ण खोटा नाही. प्रतिस्पर्ध्यांची गर्दी कमी होती. मैदानांची निगा राखणारी माणसंही युद्धावर, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी चेंडू उचलून नीट जागी ठेवायची मुभा असायची. अकरातली पहिली मायामीची स्पर्धा तर जोडीची होती, मॅकस्पेडनबरोबर खेळलेली. हे सगळं मान्य. पण सॅम स्नीड १९४४ मध्येच नौदलातून सुटून आला होता आणि १९४५ मध्ये त्याने स्वतः ६ स्पर्धा जिंकल्या. होगन तर वर्षाचा बराच काळ लष्करात होता, तरी त्याच्या नावावर त्या वर्षी ५ आहेत. म्हणजे रान काही अगदी मोकळं नव्हतं. शिवाय गोल्फमध्ये समोरचा तुम्हाला गोलंदाजी टाकत नाही. चेंडू गवतावर निमूट पडलेला असतो. नेल्सनची त्या वर्षाची सरासरी दर फेरीला ६८.३३ फटके, आणि इथे जितके कमी तितकं चांगलं. मॅकस्पेडन त्याच मैदानांवर, तेच साल चढवलेले चेंडू घेऊन खेळत होता आणि १३ वेळा दुसरा आला. त्या माणसाची मला फार दया येते, पण ते जाऊ दे.

आपण स्वतः असा आक्षेप घेतो का, ते आठवून बघा. १९४३ च्या डिसेंबरात ब्रेबर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यात विजय हजारेंनी संघाच्या ३८७ पैकी एकट्याने ३०९ केल्या. त्याच हंगामात, त्याच मैदानावर विजय मर्चंटनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९. युद्ध तेव्हाही चालूच होतं. पण ‘युद्धकाळातल्या धावा’ म्हणून त्या कुणी कंसात टाकलेल्या मी पाहिल्या नाहीत.

आता मला जे खरं सांगायचंय ते. नेल्सन वही ठेवायचा. फेरी संपली की त्या फेरीबद्दल दोन-चार शब्द. १९४४ सालीही तो अफाट खेळला होता, ८ स्पर्धा जिंकला होता. वर्षअखेरी त्याने ती वही पुन्हा चाळली, तेव्हा दोनच नोंदी पुन्हा पुन्हा दिसल्या: चिपिंग खराब, आणि निष्काळजी फटका. चिपिंग म्हणजे ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, कडेवरून चेंडू हलकेच उचलून भोकाजवळ टाकणं. मग त्याने ठरवलं, येत्या वर्षी चिपिंग घोटायचं आणि एकही फटका लक्ष नसताना मारायचा नाही. नवं तंत्र नाही, नवा गुरू नाही. मी रविवारी खेळून घरी आलो की मलाही सगळ्या चुका आठवतात, पण बायको विचारते ‘कसं झालं?’ तेव्हा मी सांगतो, ‘वारा होता.’ वहीत वारा लिहिता येत नाही, एवढाच आमच्यातला फरक. बाकीही फरक आहेत म्हणा.

आणि वहीच्या मागे होती जमीन. त्याला टेक्सासमध्ये स्वतःचं रँच घ्यायचं होतं, गुरं पाळायची होती आणि टूर सोडून घरी बसायचं होतं. तेही कर्ज न काढता. पुढे त्याने अनेकदा सांगितलं, की प्रत्येक फटका मारताना डोक्यात तेच असायचं: हा नीट बसला तर आणखी एक गाय, हा पट, म्हणजे ग्रीनवरून भोकाकडे ढकललेला चेंडू, आत गेला तर आणखी एक एकर.

मला ही गोष्ट परकी वाटत नाही. माझे वडील लालबागला गिरणीत होते, आमचं गाव सातारा जिल्ह्यात. ते प्रत्येक बोनसचा हिशेब विहिरीच्या भाषेत करायचे. या दिवाळीचा बोनस म्हणजे चार हात खोदाई, पुढच्याचा म्हणजे काठाचं बांधकाम. गिरणीत काय विणलं जातंय, यात त्यांना कधी रस दिसला नाही, पण साच्यावर त्यांचा धागा तुटत नसे असं त्यांचे सोबती सांगत. नेल्सनबद्दल वाचताना मला आधी ते आठवले.

मार्चमध्ये मायामी झाली. त्याआधी स्नीडने ओळीने तीन स्पर्धा मारल्या होत्या, त्यांतल्या गल्फपोर्टला तर नेल्सनला प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा खेळात, हरवून. म्हणजे मायामीआधीचे आठवडे काही नेल्सनचे नव्हते. मग शार्लटला पुन्हा स्नीड आणि नेल्सन बरोबरीत. १८ होलचा प्लेऑफ खेळले, दोघांचे ६९. पुन्हा बरोबरी! आणखी १८ खेळले, नेल्सन परत ६९, स्नीड ७३. तिथून ग्रीन्सबरो, डरहॅम, अटलांटा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पाच झाल्या. मग दोन महिने टूरच थांबली, आणि जूनमध्ये माँट्रियलपासून गाडी पुन्हा त्याच रुळावर. फिलाडेल्फिया, शिकागो.

जुलैत पीजीए चॅम्पियनशिप, ओहायोतल्या डेटन गावी. त्या वर्षी झालेली ही एकच मोठी स्पर्धा, मास्टर्स आणि यूएस ओपन युद्धामुळे बंद. ती तेव्हा मॅच प्लेने खेळत. एकास एक, ३६ होल, हरला तो घरी. अकराची साखळी तुटायची असती तर इथे तुटली असती, कारण चार फेऱ्यांच्या स्पर्धेत एक वाईट तास भरून काढता येतो, इथे समोरच्याचा एक चांगला दिवस तुम्हाला संपवू शकतो. आणि दुसऱ्या सामन्यात माइक टर्नेसाचा तसा दिवस आला. चार होल राहिलेले, नेल्सन दोनने मागे. तिथून नेल्सनने बर्डी मारली, पुन्हा बर्डी, मग ईगल. पार म्हणजे होलसाठी ठरवलेले फटके, बर्डी त्यापेक्षा एक कमी, ईगल दोन कमी. म्हणजे तीन होलवर पारपेक्षा चार फटके कमी. एका होलने सामना घेतला. टर्नेसा पारच्या खाली ७ खेळून हरला. नंतर तो म्हणत होता, सात खाली खेळूनही हरतो, तर या माणसाला हरवायचं तरी कसं. हे सगळं ऐकताना वाटतं नेल्सन थंड रक्ताचा असेल. तसं नव्हतं. मोठ्या फेरीआधी त्याच्या पोटात कालवायचं, उलट्या व्हायच्या. १९४२ च्या मास्टर्सच्या प्लेऑफआधी तो इतका आजारी पडला होता, की समोर होगन असून त्यानेच सामना पुढे ढकलू या का म्हणून विचारलं होतं. नेल्सन नको म्हणाला, खेळला आणि जिंकला.

डेटनच्या अंतिम सामन्यात समोर सॅम बर्ड होता. हा गृहस्थ आधी न्यूयॉर्क यांकीजकडून बेसबॉल खेळायचा. बेब रूथ थकला की सामन्याच्या शेवटी त्याच्या जागी धावायला उतरवायचे, म्हणून लोक त्याला ‘रूथचे पाय’ म्हणत. तो हरला आणि नवव्या स्पर्धेवर नेल्सनचं नाव लागलं. दहावी शिकागोजवळ टॅम ओशँटर, ती १३,६०० च्या बाँडची. अकरावी टोरंटोला कॅनडियन ओपन, ती संपली ४ ऑगस्टला.

तारीख लक्षात घ्या. दोन दिवसांनी हिरोशिमावर बाँब पडला. १५ ऑगस्टला जपानची शरणागती जाहीर झाली, आणि त्याच आठवड्यात मेंफिसला नेल्सन अखेर हरला. जिंकला फ्रेड हास नावाचा हौशी खेळाडू, म्हणजे ज्याला बक्षिसाचा एक डॉलरही घेता येणार नव्हता. बारावी गाय अशी गेली.

खरं तर इथे तो सैल पडायला हवा होता. पडला नाही. शरद ऋतूत होगन परतला आणि पोर्टलंडला त्याने २६१ फटक्यांत चार फेऱ्या संपवल्या, नेल्सन त्याच्या १४ फटके मागे. ७२ होलला २६१! तो विक्रम दहा-वीस वर्षं टिकेल असं वाटण्यासारखाच होता. दोन आठवडे टिकला. सिॲटलला नेल्सनने ६२, ६८, ६३, ६६ अशा फेऱ्या मारल्या, एकूण २५९. मला अकराच्या साखळीपेक्षा ही स्पर्धा मोठी वाटते. साखळीत नशिबाचा वाटा असतोच, एखादा पट कडेवरून आत वळतो. पण ज्याला कॅडी असताना हरवलं होतं, तो १४ ने हरवून गेल्यावर पंधरा दिवसांत असं उत्तर देणं म्हणजे गाईंचा हिशेब तेवढ्यापुरता बाजूला राहिला असावा. अठरावी आणि शेवटची स्पर्धा डिसेंबरात झाली, फोर्ट वर्थला, त्याच ग्लेन गार्डनवर.

१९४६ मध्ये त्याने आणखी ६ जिंकल्या. त्या वर्षीच्या यूएस ओपनमध्ये गर्दी आवरायला जागच नव्हती, लोक चेंडूभोवती कोंडाळं करून उभे. त्या रेटारेटीत त्याच्याच कॅडीचा पाय चेंडूला लागला. दंड एक फटका. चार फेऱ्यांनंतर तिघांची बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये लॉइड मँग्रम जिंकला, युरोपात लढताना जखमी होऊन आलेला सैनिक. त्या कॅडीला नेल्सनने कधी दोष दिला नाही. स्वतः पिशव्या वाहिलेला माणूस, तो काय बोलणार.

त्याच वर्षी, ३४ व्या वर्षी, त्याने टूर सोडली. रोआनोक गावाजवळ सहाशेहून जास्त एकरांचं रँच घेतलं, रोख पैसे मोजून. अधूनमधून खेळला, पण जीव गुरांत. म्हातारपणी सुतारकामाचा नाद लागला. त्याच्या स्विंगवरून पुढे चेंडू तपासायचं एक यंत्र बनवलं, त्याचं नाव ‘आयर्न बायरन’. ते कितीही वेळा मारलं तरी तसाच फटका मारायचं. खरा बायरन तोवर कुंपणं दुरुस्त करत होता. २००६ साली, ९४ व्या वर्षी, त्याच रँचवर तो गेला.

आमच्या विहिरीला पाणी लागलं १९७९ साली. वडिलांनी पुढच्या महिन्यात गिरणीत राजीनामा दिला.