गाव एक, ग्रामपंचायत दुसरीच: गट ग्रामपंचायतीचा कारभार कसा चालतो?

नमस्कार मंडळी. माझ्या हातात दोन उतारे आहेत. हा तलाठ्याकडचा आठ-अ, जमिनीचा. आणि हा ग्रामपंचायतीचा नमुना 8, घराचा, ज्यावर घरपट्टी लागते. आता नीट बघा. इथं गावाचं नाव एक आहे आणि इथं ग्रामपंचायतीचं नाव दुसरंच.

ही चूक नाही. महसुली गाव वेगळं आणि ग्रामपंचायत वेगळी. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात 43 हजारांहून जास्त गावं नोंदली गेली आणि ग्रामपंचायती आहेत सुमारे 28 हजार. म्हणजे हजारो गावांना स्वतःची पंचायत नाही. दोन-तीन गावं, वाड्या, पाडे मिळून जी पंचायत होते, तिला आपण गट ग्रामपंचायत म्हणतो.

कुठल्या पंचायतीत कुठली गावं, हे शासन अधिसूचना काढून ठरवतं. आधार 1958चा ग्रामपंचायत अधिनियम. सदस्य कमीत कमी 7, जास्तीत जास्त 17, मुदत 5 वर्षं, निम्म्या जागा महिलांसाठी. सरपंच 2017पासून थेट मतदारांतून, 2020मध्ये ती पद्धत बंद झाली आणि 2022मध्ये परत आली. उपसरपंच मात्र सदस्य निवडतात.

मला खरं बोलायचंय ते ग्रामसभेबद्दल, कारण लहान वाडीचं नुकसान होतं ते तिथेच. गणपूर्तीचा नियम असा: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी असेल तो आकडा. समजा, तुमच्या गटात 2,000 मतदार आहेत. 15 टक्के झाले 300, पण सभेला 100 जण पुरतात. आणि ते शंभरच्या शंभर मोठ्या गावातले असले तरी सभा कायदेशीर! तुमच्या 300 मतदारांच्या वाडीतला एकही माणूस हजर नसताना पाण्याच्या टाकीची जागा ठरू शकते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, तर पुन्हा भरणाऱ्या सभेला ती अटही राहत नाही. मला हे फार लागतं, कारण पैसा तर सगळ्यांच्या डोक्यांवर येतो. 15व्या वित्त आयोगाच्या निधीतला 80 टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीला मिळाला आणि त्याच्या हिशेबात तुमच्या वाडीची लोकसंख्याही धरलेली होती.

मग वेगळी पंचायत मागायची का? मागता येते. ग्रामसभेचा ठराव लागतो, लोकसंख्या, अंतर आणि उत्पन्न पाहिलं जातं, प्रस्ताव पंचायत समिती, जिल्हा परिषद असा वर जातो. पण घरपट्टी-पाणीपट्टीतून दिवाबत्ती आणि शिपायाचा पगार भागेल का, हा हिशेब आधी घरी बसून मांडा. आदिवासींच्या अनुसूचित भागात पेसा कायदा आहे, म्हणजे तिथल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा. तिथं 2014च्या नियमांनुसार पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येतं, म्हणजे पंचायत सामाईक राहिली तरी ग्रामसभा पाड्याची स्वतःची. माझ्या मते ही वाट जास्त मोलाची आहे.

बाकीच्यांनी एवढं करा. पुढची ग्रामसभा आमच्या वाडीत घ्या, असा अर्ज ग्रामसेवकांकडे द्या आणि पोच घ्या. 2024पासून त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी आहे, अर्जावर तेच लिहा. महिलांची सभा मुख्य सभेच्या आधी होते, वाडीतल्या बायकांनी पाण्याचा विषय तिथेच मांडावा. आणि सभेला गेलात की मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा, म्हणजे तुम्ही नसताना काय ठरलं ते कळेल.