अणुशास्त्रज्ञांचा बायोगॅस आणि मिक्सरमधला चमचा

नमस्कार मंडळी! आज कचऱ्यावर बोलायचंय, थांबा थांबा, लगेच पुढे ढकलू नका, कारण ही गोष्ट सुरू होते थेट बीएआरसीत, म्हणजे आपलं ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र. तिथून देवनारचं डम्पिंग ग्राउंड काही फार लांब नाही. तेच देवनार जे १९२७ पासून मुंबईचा कचरा गिळतंय आणि जानेवारी २०१६ मध्ये पेटलं तेव्हा धूर एवढा की शाळा बंद ठेवायला लागल्या.

तर बीएआरसीत शरद काळे म्हणून शास्त्रज्ञ होते, २०१३ ला पद्मश्री मिळाली त्यांना, त्यांनी आणि त्यांच्या टीमने ‘निसर्गऋण’ नावाचा बायोगॅस प्लांट तयार केला. आता तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, गोबरगॅस आमच्या मामाकडे पण होता. बरोबर, पण शेण म्हणजे काय हो? गाईने चावून, रवंथ करून, चार कप्प्यांच्या पोटातून काढलेला माल! अर्धं काम तिनेच केलेलं असतं. आपल्या डस्टबिनमधला शिळा भात, कोबीचा दांडा, आंब्याची सालं, हे कुणी चावून दिलंय? मग ते तसंच टाकीत ओतलं की वर साय धरते, टाकी चोकअप होते आणि वास असा सुटतो की विचारू नका.

निसर्गऋणमध्ये गाईचं हे काम मशीन करते, म्हणजे मला तरी ते असंच समजलं. आधी मोठ्या मिक्सरमध्ये कचऱ्याचा गरम पाण्यासोबत लगदा, पाणी बऱ्याच ठिकाणी सोलरवर तापवलेलं, मग तो लगदा पहिल्या टाकीत, तिथे हवा सोडतात आणि उष्णता आवडणारे जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात. तो आंबतो, पातळ होतो, आणि मग मुख्य टाकीत जातो, तिथे हवा बंद, तिथे मिथेन, म्हणजे जळणारा गॅस. साध्या गोबरगॅसमध्ये मिथेन ५५-६० टक्क्यांच्या आसपास असतो, इथे बीएआरसीच्या म्हणण्यानुसार ७०-७५ टक्के. उरतं ते खत. माथेरानला, जिथे गाड्यांना बंदी आहे आणि कचरा खाली न्यायचा म्हणजे डोक्याला ताप, तिथेही असा प्लांट बसवला गेला.

आता मुद्दा. बीएआरसी काय गल्लोगल्ली प्लांट बांधत फिरणार नाही, ते त्यांचं काम पण नाही. ते टेक्नॉलॉजी ट्रान्सफर करतात, म्हणजे फी घेऊन लायसन्स देतात, एकालाच नाही तर अनेक कंपन्यांना, सोबत ड्रॉइंग आणि सगळी तांत्रिक माहिती. कंपनी बांधते, नगरपालिका किंवा सोसायटी पैसे देते. कागदावर एकदम झकास. पण कागदात एक जागा रिकामीच राहते बघा. रोज सकाळी कचऱ्यात हात कोण घालणार?

मुंबईत ही जागा भरली स्त्री मुक्ती संघटनेने. संघटना १९७५ ची, तिच्या एक संस्थापक ज्योती म्हापसेकर यांचं नाव ऐकलं असेल. कचरावेचक बायकांसाठी संघटनेने १९९८ मध्ये ‘परिसर विकास’ नावाचं काम सुरू केलं, आणि याच बायका शिकून प्लांट चालवायला लागल्या. कुणी म्हणेल हे ‘सामाजिक’ वगैरे, पण माझ्या मते तो शुद्ध टेक्निकल निर्णय होता, कारण ओल्यात सुकं काय लपलंय हे हाताला कळणारी माणसं शहरात दुसरी कोण होती?

उलटं उदाहरणही पाहिलंय मी. एका गावात, नाव नको, असाच प्लांट, फीत कापलेला फोटो ऑफिसात लावलेला, आणि गेटला कुलूप! वॉचमन म्हणाला, ‘साहेब, पिशव्यांसकट कचरा यायचा, मशीन दोनदा जळली.’ झालं, विषय संपला.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांना ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरवायला सांगितलं, त्यामुळे आता सोसायट्यांच्या दारात सेल्सवाले येतात. लायसन्स आहे का विचारा, ते दाखवतील. पण दुसरा प्रश्न विचारा की चालवायला माणूस कोण, त्याचा पगार कोण देणार, आणि तो आजारी पडला की कोण येणार. इथे भलेभले गप्प होतात.

मी एका चालू प्लांटवर सकाळी जाऊन उभा राहिलो होतो. ताईंनी ग्लोव्हज घातलेले, समोर पत्र्याच्या टेबलावर ढीग. नारळाची करवंटी बाजूला, अंड्याची टरफलं बाजूला, हाडं बाजूला, तोंडाने माझ्याशी गप्पा चालूच आणि हात थांबत नव्हता. मध्येच भातात बोटं घातली आणि स्टीलचा चमचा बाहेर काढला. मला तर दिसलाही नव्हता! म्हटलं हा मिक्सरमध्ये गेला असता तर? त्या म्हणाल्या, ‘ब्लेड गेलं असतं, आठ दिवस बंद.’ आणि चमचा धुऊन खिडकीतल्या बरणीत टाकला. बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती, चमचे, काटे, एक चहाची गाळणी पण. आमच्या घरातले दोन चमचे गेल्या वर्षीपासून गायब आहेत, मी जरा वाकूनच बघितलं.